गळक्या खिडक्या आणि सिलिकॉनची नळी

पावसाळा सरून होड्या पुन्हा पाण्यात उतरवायची वेळ आली की माझ्याकडे एकच तक्रार येते: जुन्या शिडाच्या होडीची केबिन गळते, बाहेरून काय लावू? नेमके हेच शब्द, ‘बाहेरून काय लावू’. म्हणून या खेपेला त्याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : खिडकीखालची गादी भिजते. गळती खिडकीचीच, असं समजायचं का? (पणजी)

समजू नका, तपासा. पाणी शिरतं एकीकडून आणि ठिबकतं दुसरीकडे. कठड्याच्या खांबांच्या किंवा चेनप्लेटच्या (डोलकाठीच्या तारा जिला बांधतात त्या धातूच्या पट्टीच्या) बोल्टांतून आलेलं पाणी अस्तरामागून खिडकीच्या कोपऱ्यात उतरतं आणि बदनाम होते खिडकी. एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने पाइपचं पाणी हलकंसं सोडावं. सुरुवात खालून करून वर जायचं, एकेका जागी काही मिनिटं थांबत. आधीच वरून पाणी मारलंत तर सगळंच ओलं होईल आणि हाती काही लागणार नाही.

प्रश्न : खिडकीच्या ॲक्रिलिकमध्ये बारीक चिरांचं जाळं झालंय. पॉलिशने जाईल? (अलिबाग)

नाही. शीट बदला.

प्रश्न : जुनं सीलंट (फटी बुजवणारा लगदा) थिनरने पुसून काढू का? (रत्नागिरी)

ॲक्रिलिकला थिनर किंवा ॲसिटोन लावलंत तर वरच्या प्रश्नातल्या चिरा तुमच्याकडेही येतील. प्लास्टिकची पट्टी, साबणाचं पाणी आणि धीर, एवढंच पुरतं.

प्रश्न : माझी जे-२४ (शिडाची होडी) जुनी आहे. खिडक्यांना बाहेरून सिलिकॉन मारलं, एका हंगामात सुटलं. दुकानदार म्हणतो दुप्पट किमतीचं ‘मरीन’ घ्या, मित्र म्हणतात एम-सील भरा. कुणाचं ऐकू? (कुलाबा)

दोघांचंही नको. नळीवर नांगराचं चित्र छापलं म्हणून आतला माल बदलत नाही. आणि एम-सील वाळून दगड होतं. ॲक्रिलिक उन्हात फायबरग्लासच्या दुपटीहून जास्त फुगतं. मीटरभर लांबीच्या पट्टीत ३० अंशांच्या फरकाला सुमारे २ मिलिमीटर. दगडाने ही हालचाल कशी सोसावी?

बाथरूमसाठी मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर आणखी वाईट. ते सुटतं, पण जाताना असा थर ठेवून जातं की त्यावर पुढचं सीलंट धरत नाही, रंगही धरत नाही. दर वर्षी नवी नळी मारणारे दर वर्षी पुढची दुरुस्ती महाग करत असतात.

माझी खरी काळजी मात्र खिडकीची नाहीच. जे-२४ च्या डेकमध्ये, म्हणजे होडीच्या वरच्या तक्तपोशीत, फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे हलकं लाकूड असतं. स्क्रूच्या भोकात किंवा कापलेल्या कडेत ते उघडं राहिलं असेल तर पाणी त्यात मुरतं. बाहेरून सिलिकॉन मारणं म्हणजे ओल धरलेल्या भिंतीला रंग देणं. खिडकीभोवती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आला तर हात थांबवा आणि सर्व्हेयरला, म्हणजे होड्या तपासणाऱ्या जाणकाराला, ओलावा मोजायला सांगा.

लाकूड कोरडं निघालं तरी खिडकी पूर्ण काढल्याशिवाय दुरुस्ती नाही. कडेचं उघडं लाकूड थोडं कोरून जागा घट्ट केलेल्या एपॉक्सीने भरा. खिडकी स्क्रूवर असेल तर ॲक्रिलिकमधली भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा आणि ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घालून स्क्रू दोन-तीन दिवसांत थोडे थोडे आवळा. एका दमात आवळलेत तर टेप सगळी बाहेर येते. नुसती चिकटवलेली खिडकी असेल तर त्यासाठीचं वेगळं सीलंट आणि प्रायमर लागतो. तो कुठला, हे शीट बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, दुकानदारानेही सांगू नये.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, ॲनापोलिसला असतो. जुनी होडी घेतली, खिडक्या थोड्या गळतात. थंडी तोंडावर आहे, वसंतात केलं तर चालेल? (मेरीलँड)

‘थोड्या’ हा शब्द मला नेहमी घाबरवतो. मुरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि फायबर लाकडापासून सुटतं. मग काम खिडकीचं राहत नाही, डेकचं होतं. सीलंट वसंतात लावा, थंडीत ते नीट धरणारही नाही. पण ताडपत्री याच आठवड्यात घाला, आत हवा खेळती राहील अशी. आणि होडी घेताना सर्व्हे केला नसेल तर आता करून घ्या, बर्फ पडण्याआधी.