तरंगणाऱ्या रोबोची परीक्षा

प्रश्न : काका, कॉलेजतर्फे पीथमपूरच्या कारखान्यात वेल्डिंगचे रोबो पाहिले. सगळे फरशीला बोल्टने आवळलेले. अंतराळ स्थानकात तर सगळंच तरंगतं. मग तिथल्या रोबोची चाचणी इथे जमिनीवर कशी घेतात?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : बोल्ट बरोबर हेरलेस! मी पीथमपूरलाच ऑटोमेशनच्या मेन्टेनन्समध्ये होतो. बेसचा एक बोल्ट ढिला झाला की वेल्ड सरकायचा आणि शिफ्टभर बोलणी आम्ही खायचो. रोबो जेवढा जोर लावतो, तेवढा उलटा जोर फरशी सोसते. तरंगणाऱ्या रोबोने नुसतं बटण दाबलं तरी तोच मागे जाणार.

म्हणून नासाच्या एम्स केंद्रात ॲस्ट्रोबी नावाचा, सुमारे 32 सेंटिमीटरचा चौकोनी रोबो ग्रॅनाइटच्या टेबलावर तपासला. टूलरूममध्ये मापं घ्यायची सरफेस प्लेट पाहिली असशील, तोच दगड. रोबोखालच्या गाडीतून दाबाचा वायू सोडतात. त्या पातळ थरावर तो जवळजवळ घर्षणाविना सरकतो. धक्का बसल्यावर किती वाहवतो, स्वतःच्या पंख्यांनी कसा सावरतो, सगळं समोर दिसतं. उणीव एवढीच की चारी दिशांना सरकणं आणि जागच्या जागी गिरकी, याच्यापलीकडे काही नाही. वर-खाली जाणं, कोलांटी खाणं कॉम्प्युटरवरच पाहायचं. विमानाने कमानीसारखी झेप घेतली की खरी वजनरहित अवस्था मिळते, पण जेमतेम वीस-बावीस सेकंद. तेवढ्यात आमचा रोबो होम पोझिशनलाही, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरही, यायचा नाही! माझं मत टेबलाला.

मोठ्या यांत्रिक हातांचं दुखणं निराळं. नासाच्या स्पेस शटल यानावरचा कॅनडार्म नावाचा हात जमिनीवर स्वतःचं वजनसुद्धा पेलू शकत नसे.

आणि इतकं करूनही शेवटची परीक्षा वरच होते. माणसासारखा रोबोनॉट-2 2011 मध्ये स्थानकावर गेला, 2014 मध्ये त्याला पाय पाठवले, मग विजेचा बिघाड झाला आणि 2018 मध्ये तो दुरुस्तीसाठी खाली आणावा लागला. इस्रोने तर 30 डिसेंबर 2024 ला सुटलेल्या पीएसएलव्ही-सी60 रॉकेटचा चौथा टप्पाच प्रयोगशाळा म्हणून वापरला. त्यावरच्या सात सांध्यांच्या हाताची रचनाच अशी होती, की एक टोक पकडून दुसरं पुढे टाकायचं आणि असं चालत जागा बदलायची.

प्रोजेक्टचा विचार असेल तर एअर बेअरिंगवर, म्हणजे त्याच हवेच्या पातळ थरावर सरकणारं, काहीतरी कर. कॉम्प्रेसर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये असतोच. टेबल मात्र आधी लेव्हलला घे, नाहीतर रोबो उताराकडे पळेल आणि तू प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसशील.