जुन्या पिकअप ट्रकचा ऑटोमॅटिक गिअर उशिरा पडतो. गिअरबॉक्स खोलावाच लागेल का?

इतक्यात खोलू नका. तुम्ही लिहिलंय की हलक्या पायानं चालवतानाही पहिला गिअर लांबत जातो, इंजिन ओरडायला लागतं आणि मग दणका देऊन दुसरा पडतो; पाय पूर्ण दाबला तर मात्र गिअर नेहमीच्या जागीच बदलतो. मेकॅनिकनं सरळ ओव्हरहॉल सांगितलंय. या लक्षणांवरून माझा संशय गिअरबॉक्सच्या पोटातल्या भागांवर कमी आणि बाहेरच्या एखाद्या नळीवर किंवा केबलवर जास्त आहे.

आधी एक खात्री करा. इंजिनच्या आवाजाबरोबर गाडीचा वेगही चढत असेल तर गिअर खरंच उशिरा पडतोय. आवाज चढतोय पण गाडी रेटत नाही, असं असेल तर क्लच प्लेटा घसरतायत आणि मेकॅनिकचं बरोबर असू शकतं. सोबत गिअरबॉक्सचं ऑइलही त्याच्या डिपस्टिकवर पाहा. गाडी गरम, इंजिन आयडलवर, लिव्हर पार्कमध्ये (क्रायसलरच्या जुन्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सला न्यूट्रलमध्ये). ऑइल काळं आणि करपट वासाचं निघालं तर आतल्या क्लच प्लेटा जळाल्यात, पुढचं वाचून फारसा उपयोग नाही.

कॉम्प्युटर नसलेल्या गिअरबॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा हे ऑइलचे दोन दाब ठरवतात. गव्हर्नर नावाचा भाग आउटपुट शाफ्टच्या (चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) वेगानुसार दाब देतो आणि गिअर बदलणाऱ्या शिफ्ट व्हॉल्व्हला वरच्या गिअरकडे ढकलतो. समोरून थ्रॉटलचा दाब त्याला अडवतो. पाय जितका खाली, तितका अडसर मोठा. गिअर उशिरा पडतो म्हणजे या दोघांपैकी कुणीतरी खोटं सांगतंय. कोण, ते झटक्यावरून बऱ्यापैकी कळतं. थ्रॉटलची बाजू बिघडली की गिअरबॉक्सला वाटतं पाय जोरात दाबलाय, म्हणून तो लाइन प्रेशरही (क्लच प्लेटा दाबून धरणारा ऑइलचा मुख्य दाब) वाढवतो आणि गिअर उशिरा, शिवाय दणकून पडतो. गव्हर्नर कमी दाब देत असेल तर गिअर उशिरा पडतो पण मऊ पडतो, आणि पूर्ण पायावरही उशीरच होतो. तुमची केस सरळसरळ पहिल्या प्रकारची आहे.

आता तुमच्याकडे कोणता गिअरबॉक्स आहे त्यावर पुढचं. जनरल मोटर्सचा टर्बो ३५०, टर्बो ४०० किंवा फोर्डचा सी६ असेल तर थ्रॉटलचा अंदाज व्हॅक्यूम मॉड्युलेटर घेतो. पाय दाबला की इंजिनचा व्हॅक्यूम (हवेचा ओढा) घटतो, म्हणून तो कमी पोचला की याला पाय दाबलाय असं वाटतं. गिअरबॉक्सला लावलेली ही डबी, तिच्यावर इंजिनकडून आलेली रबरी नळी. नळी उपसा आणि आत बोट फिरवा. लालसर ओल लागली तर डबीतला पडदा (डायफ्रॅम) फाटलाय. अशा वेळी इंजिन गिअरचं ऑइल ओढून जाळतं, म्हणून खाली थेंब पडत नाही पण डिपस्टिकवर लेव्हल उतरत राहते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मॉड्युलेटर बदलणं तासाभराचं काम आहे. काढताना मागची छोटी पिन किंवा व्हॉल्व्ह सोबत निसटून येते, ती हरवू नका.

नळी कोरडी असेल तर तिच्या मॉड्युलेटरकडच्या टोकाला व्हॅक्यूम गेज लावा. इंजिनकडच्या टोकाला नको, कारण मधली तडकलेली किंवा एक्झॉस्टच्या उष्णतेनं चिकटलेली नळीच तर शोधायची आहे. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. दर ३०० मीटर उंचीला साधारण इंचभर कमी धरा. आयडलला आकडा शून्याच्या आसपास आणि रेस दिल्यावर चढत असेल, तर कार्ब्युरेटरचं काम करताना कुणीतरी नळी थ्रॉटल प्लेटच्या (कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या झडपेच्या) वरच्या तोंडाला जोडलीय. ती थेट इनटेक मॅनिफोल्डवर हवी. दोन्ही टोकांना सारखाच कमी आकडा आला तर दुखणं इंजिनचं आहे: ठिणगीचं टायमिंग मागे पडलंय, व्हॉल्व्ह गळतायत किंवा दुसरीकडे कुठे हवा शिरतेय. अशा इंजिनामागे नवा गिअरबॉक्स बसवला तरी तोही उशिराच बदलेल!

जनरल मोटर्सचा ७००आर४ असेल तर मॉड्युलेटर नसतो, कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सकडे टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल जाते. ती जास्त ताणलेली असली की हीच लक्षणं दिसतात. सेट करायला इंजिन बंद ठेवून केबलवरचं बटण दाबा, स्लायडर पूर्ण मागे ढकला, बटण सोडा आणि थ्रॉटल हातानं शेवटपर्यंत उघडा. केबल आपली जागा आपणच घेते. गिअर लवकर पडावा म्हणून ती मुद्दाम सैल ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. कृपया ऐकू नका. ती केबल लाइन प्रेशरही ठरवते, आणि सैल केबलनं तिसऱ्या-चौथ्याच्या क्लच प्लेटा जळतात. मग ओव्हरहॉल खरंच करावं लागतं. कार्ब्युरेटर बदललेला असेल तर त्याच्या लिंकची भूमितीही जुळायला हवी, नाहीतर केबल कितीही सेट करा, मधल्या पायावर चुकणारच.

टायर मोठे टाकले असतील तर तेही लिहा. शाफ्ट हळू फिरतो, म्हणून गिअर जास्त वेगाला पडल्यासारखा वाटतो, पण इंजिनचा आरपीएम तोच राहतो आणि झटका येत नाही. तुमच्याकडे झटका आहे, त्यामुळे मी सुरुवात नळीपासूनच करेन.

गाडी ४एल६०-ई सारख्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सची निघाली तर मात्र वरचं बरंचसं लागू नाही. तिथे आधी स्कॅनर लावून कोड वाचा, मग थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा व्होल्टेज हळूहळू पाय दाबत तपासा. तो मध्येच उडी मारत असेल तर तुमचा चोर तिथेच आहे.