प्रेशरचं कलम लिहिताना

चि. धाकट्या सहकाऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

गॅस वाहतूक कराराचा तुझा मसुदा वाचला. प्रेशरच्या कलमात एकच ओळ दिसली: 'डिलिव्हरी पॉइंटवर (म्हणजे ग्राहकाच्या हाती गॅस देतो तिथे) किमान ४० किलो.' साइटवर आपण किलोच म्हणतो, पण करारात किलो प्रति चौरस सेंटिमीटर लिही, आणि गेज (हवेच्या दाबाच्या वर मोजलेलं) की ॲब्सोल्यूट (निर्वात शून्यापासून मोजलेलं) तेही. दोन्हींत साधारण एका किलोचा फरक पडतो. एका जुन्या करारात तेवढा शब्द राहून गेला होता. त्या एका किलोपायी आम्ही दोन पावसाळे पत्रं लिहीत बसलो होतो.

आता हे ४० आले कुठून? ग्राहकाने मागितले म्हणून, असं तुझं उत्तर. टर्बाइनला प्रेशर लागतं, कबूल. पण मशीनच्या तोंडाशी २५ लागत असतील, तर फिल्टर, मीटर, रेग्युलेटर यांची घट धरूनही ३० पुरावेत. वरचे दहा 'असू देत हाताशी' या खात्यातले. त्यांची किंमत कागदावर काढून बघ. लाइनमधून किती गॅस जाईल हे दोन टोकांच्या प्रेशरचे वर्ग करून, त्यांच्या वजाबाकीच्या वर्गमुळावर ठरतं (इथे ॲब्सोल्यूटच धर). सुरुवातीला ७०, शेवटी ३०: ४९०० वजा ९००, म्हणजे ४०००, वर्गमूळ ६३. शेवटी ४० धरलेस तर ३३००, वर्गमूळ ५७. नऊ टक्के क्षमता गेली की! पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २००६च्या कायद्यानंतर लाइनमधला काही हिस्सा इतरांसाठीही खुला ठेवावा लागतो. ही क्षमता त्यांच्याही वाट्याची आहे.

सीएनजीवाला गॅस दोनशेच्या वर दाबतोच, तरी त्याच्या कॉम्प्रेसरच्या इनलेटला, म्हणजे गॅस आत शिरतो तिथे, जास्त प्रेशर मागतो, कारण त्याचं वीजबिल वाचतं. मागू दे. फुकट देऊ नकोस.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच आहे. किमान ४०, पण तासाला किती गॅस ओढताना? ते तू लिहिलेलंच नाहीस. आमचा एक ग्राहक दिवसभराचा कोटा संध्याकाळच्या पाच-सहा तासांत उचलायचा. सातच्या सुमाराला कंट्रोल रूमच्या पडद्यावर प्रेशरची रेघ उताराला लागायची, लाइनपॅक (लाइनमध्ये दाबून साठलेला गॅस) संपत यायचा, आणि तिकडून फोन: "साहेब, प्रेशर द्या!" मी म्हणायचो, तुमचा व्हॉल्व्ह जरा आवळा, आपोआप मिळेल. करारात तासाची मर्यादा नसल्यामुळे दंड मात्र आमच्याच नावावर लागला. म्हणून लिही: तासाला रोजच्या कोट्याचा चोविसावा भाग, वर ठरेल तेवढी सूट. त्यापेक्षा जास्त ओढलं तर त्या तासापुरती प्रेशरची हमी नाही.

मोजायचं कुठे आणि कसं, तेही ठरव. रेग्युलेटरच्या आधी की नंतर? क्षणाचा आकडा की तासाची सरासरी? क्षणाचा धरलास तर दुसऱ्या ग्राहकाचं मशीन सुरू झालं तरी तू दोषी ठरशील.

दुरुस्त मसुदा रविवारपर्यंत पाठव. सोबत मीटर स्किडचं (मीटर आणि त्याची जोडणी बसवलेल्या सांगाड्याचं) ड्रॉइंग जोड. मागच्या वेळी त्यात प्रेशर ट्रान्समीटरचं टॅपिंगच, म्हणजे प्रेशर मोजणारं यंत्र लाइनला जोडायची जागाच, दाखवलं नव्हतं.