इंग्रजीतलं नियमित क्रियापद सगळ्या काळांत कसं चालवायचं?

तुम्ही लिहिलंय की बारा काळांचा तक्ता तोंडपाठ आहे, पण बोलायला लागलं की 'ही डिड नॉट वॉक्ड' असंच काहीतरी बाहेर पडतं. मी मराठी माध्यमातून शिकलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि ही तक्रार माझ्याकडे सतत येते. तक्ता चुकीचा नाही. फक्त त्यात बाराही ओळी सारख्याच अवघड दिसतात आणि किल्ली कुठे आहे ते कळत नाही.

'वॉक'च घेऊ. हे नियमित क्रियापद, म्हणजे याचं भूतकाळाचं रूप नुसतं ई-डी लावून होतं. त्याची एकूण रूपं चार: वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. बस्स, इतकीच. आता आपलं 'चालणे' फक्त साध्या भूतकाळात चालवून बघा: चाललो, चालले, चाललास, चाललीस, चालला, चालली, चाललं, चाललात, चालल्या. एकाच काळात नऊ रूपं झाली, आणि ती तुम्ही शाळेत जायच्या आधीपासून बिनचूक वापरताय. इंग्रजीत या नऊंच्या जागी एकटं 'वॉक्ड' येतं. कर्ता बाई असो, पुरुष असो, एक असो की दहा. तेव्हा रूपं पाठ करण्याची भीती आधी मनातून काढून टाका.

मग चार रूपांत बारा काळ मावतात कसे? सहाय्यक क्रियापदांच्या जोरावर. आणि प्रत्येक सहाय्यक आपल्यानंतर कुठलं रूप येणार ते ठरवूनच येतो. विल, कॅन, मस्ट, डू, डझ, डिड यांच्यानंतर नुसतं 'वॉक'. हॅव, हॅज, हॅड यांच्यानंतर 'वॉक्ड'. ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन यांच्यानंतर 'वॉकिंग'. (कर्मणी प्रयोगाचं वेगळं आहे, तो सध्या बाजूला ठेवा.)

तक्त्यातली सगळ्यात लांब ओळ घ्या: 'शी विल हॅव बीन वॉकिंग'. 'विल'नंतर मूळ रूप हवं, म्हणून कर्ता 'शी' असूनही 'हॅज' न येता 'हॅव' आलं. 'हॅव'नंतर 'वॉक्ड'च्या जातीचं रूप हवं, 'बी'चं तसं रूप म्हणजे 'बीन'. 'बीन'नंतर 'वॉकिंग'. झालं! आगगाडीच्या डब्यांसारखी साखळी आहे, प्रत्येक डबा फक्त पुढच्या डब्याला जोडलेला. पाठ करण्यासारखं यात काही उरतच नाही.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी की काळाची खूण साखळीतल्या पहिल्याच शब्दावर बसते, आणि एकदाच बसते. 'शी वॉक्ड' या वाक्यात सहाय्यक नाही, म्हणून खूण मुख्य क्रियापदावर आहे. नकार किंवा प्रश्न करताना 'डिड' आलं की खूण त्याने घेतली आणि 'वॉक' मोकळं झालं: शी डिड नॉट वॉक, डिड शी वॉक? 'डझ'चंही तेच. 'वॉक्स'मधला स तो स्वतःकडे घेतो, म्हणून 'डझ शी वॉक?'

आपण इथे चुकतो त्याला कारण आहे. मराठीत 'ती चालली', 'ती चालली नाही', 'ती चालली का?' या तिन्ही वाक्यांत 'चालली' जसंच्या तसं राहतं. नकाराला 'नाही' जोडलं, प्रश्नाला 'का' जोडलं की काम भागतं. तीच सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि 'डिड नॉट वॉक्ड' म्हणतो. चूक कुठून येते हे एकदा कळलं की ती तोंडातून निघायच्या आधी पकडता येते, असा माझा अनुभव आहे.

मराठीमुळे अडखळायच्या आणखी दोन जागा. 'मी काल दहा किलोमीटर चाललेय' हे आपल्याकडे अगदी सहज चालतं, पण इंग्रजीत 'येस्टरडे' आलं की 'हॅव वॉक्ड' चालत नाही, तिथे 'आय वॉक्ड'च हवं. संपलेल्या वेळेचा उल्लेख आणि 'हॅव' एकत्र नांदत नाहीत. दुसरी, 'मी तासाभरापासून चालतेय'. आपल्याला हा चालू वर्तमानकाळ वाटतो, म्हणून 'आय ॲम वॉकिंग सिन्स वन अवर' असं होतं. बरोबर वाक्य 'आय हॅव बीन वॉकिंग फॉर ॲन अवर'. क्रिया मागे सुरू होऊन अजून चालू असेल आणि किती वेळ ते सांगायचं असेल, तर 'हॅव' लागतंच.

उच्चाराचंही बघा. शेवटच्या ई-डीचा उच्चार सगळीकडे 'एड' करायचा नसतो. 'वॉक्ड' बोलताना 'वॉक्ट' होतं, कारण आधी क आहे. प, स, श, च, फ या आवाजांनंतरही तसंच. 'प्ले', 'ओपन' यांना साधा ड लागतो. पूर्ण 'इड' फक्त ट किंवा ड आवाजानंतर येतो: वॉन्टिड, नीडिड. स्पेलिंगमध्ये 'स्टॉप'चा पी दुप्पट होतो, 'ट्राय'च्या वायचा आय होतो, 'प्ले'चा वाय मात्र तसाच राहतो.

सरावासाठी तक्ता वरून खाली म्हणणं सोडा, आडवा म्हणा. एकच वाक्य घेऊन होकार, नकार, प्रश्न: शी वॉक्ड होम, शी डिडन्ट वॉक होम, डिड शी वॉक होम? मग 'हॅज'ने: शी हॅज वॉक्ड होम, शी हॅजन्ट वॉक्ड होम, हॅज शी वॉक्ड होम? मग 'इज'ने, मग 'विल'ने. मोठ्याने म्हणा, आणि दर वेळी थांबून विचारा, खूण कुठल्या शब्दावर बसली? आठवडाभराने 'वॉक'च्या जागी 'कॉल' किंवा 'ओपन' घाला. साखळी तीच राहील.