अमियोडॅरोन चालू असताना न जाणारा खोकला

सासऱ्यांना एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) तीन वर्षं अमियोडॅरोन २०० ही ठोक्यांची गोळी चालू आहे, महिनाभर कोरडा खोकला, जिना चढताना धाप, अँटिबायोटिकचे दोन कोर्स फुकट गेले, हे तुम्ही लिहिलंय ते वाचताना आमच्या बाबांचीच फाइल उघडल्यासारखं वाटलं. मी डॉक्टर नाही, पण या वाटेने गेलोय.

बाबांना आधी न्यूमोनिया म्हणाले. मग टीबीसाठी थुंकी तपासली, काही निघालं नाही. मग हृदयामुळेच फुफ्फुसात पाणी साठत असेल म्हणून लघवीची गोळी वाढवली. यात दोन महिने गेले, वजन उतरलं. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगितल्या आणि त्यातली अमियोडॅरोन उचलली. तोवर आम्ही विचारलं की 'बीपीची, शुगरची' एवढंच सांगायचो. 'ठोक्यांची' सांगायचं सुचलंच नव्हतं.

या गोळीने फुफ्फुसाला इजा होऊ शकते; ती जास्त डोसवर लवकर होते, पण रोज २०० मिलिग्रॅमवरही वर्षा-दोन वर्षांनी होऊ शकते. त्यामुळे 'इतकी वर्षं सोसली ना' हा युक्तिवाद इथे चालत नाही. निदान एका तपासणीत होत नाही, बाकीची कारणं वगळत जावं लागतं. एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि डीएलसीओसकट (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याचं माप) पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांच्या कामाची तपासणी, करतात. नुसती स्पायरोमेट्री (नळीत फुंकायची चाचणी) पुरत नाही. या औषधात वजनाने सुमारे ३७ टक्के आयोडीन असतं, त्यामुळे काहींच्या सीटीत फुफ्फुसातले डाग नेहमीपेक्षा पांढरे दिसतात.

गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. ठोके पुन्हा बिघडले तर ते वेगळंच संकट. हृदयाचे आणि छातीचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. आमच्याकडे ते फोन लावून देण्याचं काम मलाच करावं लागलं.

गोळी थांबल्यावरही लगेच आराम पडत नाही. औषध चरबीत मुरतं, निम्मं उतरायलाच सरासरी दोनेक महिने लागतात. म्हणून स्टेरॉइड दिलं तर तेही महिनोन्‌महिने, हळूहळू कमी करत. बाबांना बरं वाटायला लागलं तसं आम्ही ते घाईने कमी केलं आणि खोकला परत आला. ती चूक आमचीच.

जाताना गोळीची पट्टी, सुरू केल्याची तारीख आणि औषध सुरू व्हायच्या आधीचा छातीचा एक्स-रे न्या. आमचा गादीखाली सापडला.