वाचकांचे प्रश्न : मधुमेह कळल्यानंतरचे पहिले महिने

नुकताच टाइप २ मधुमेह कळलेल्या वाचकांच्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिले आहेत. ज्यांचं यंत्र मिलिमोलमध्ये आकडा दाखवतं, त्यांनी तो १८ ने गुणून घ्यावा. टाइप १, गर्भारपणातला मधुमेह आणि लहान मुलं यांचं गणित वेगळं असतं, त्यांनी हे आकडे स्वतःला लावू नयेत.

प्रश्न : मी रोज सकाळी उठल्यावर उपाशीपोटी शुगर बघतो. ती १३० ते १४५ च्या दरम्यान असते, म्हणजे फार वाईट नाही. तरी तीन महिन्यांची एचबीए१सी ८.१ आली. यंत्र चुकतंय की लॅब? आणि दिवसातून किती वेळा बोट टोचायचं?

बहुधा दोन्ही बरोबर आहेत. ८.१ टक्के एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १८५ च्या आसपास. तुमची सकाळची साखर १४० असेल आणि सरासरी १८५ येत असेल, तर दिवसातले उरलेले तास १८५ च्या बरेच वर जात असले पाहिजेत. ते तास जेवणानंतरचे. तुम्ही रोज नेमक्या त्याच वेळी मोजताय जेव्हा तुमची साखर तुलनेने कमी असते.

रोज एकच आकडा लिहिण्यापेक्षा आकड्यांची जोडी लिहा. एक जेवण निवडा. पहिला घास घेण्याआधी मोजा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा मोजा. जेवण संपल्यापासून दोन तास धरणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. अर्धा तास रेंगाळत जेवलात तर मोजणी अर्धा तास उशिरा होते आणि चढ उतरून गेलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस नाश्त्याची जोडी, मग दुपारच्या जेवणाची, मग रात्रीच्या. म्हणजे दिवसाला दोनच पट्ट्या लागतात आणि आठवडा-दीड आठवड्यात पूर्ण दिवस समजतो.

वहीत आकड्यांशेजारी काय खाल्लं ते मापासकट लिहा. 'भात-भाजी' एवढं पुरत नाही. 'शिजलेला भात १५० ग्रॅम, भाजी दोन वाट्या' असं हवं. जेवणानंतर चाललात का, झोप नीट झाली होती का, हेही लिहा, कारण दोन्हींचा आकड्यावर परिणाम होतो.

बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य धरतात. वय जास्त असेल किंवा हृदय-मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर ते सैल करतात. जोडीतला फरक ५० च्या वर जात असेल, तर त्या जेवणातलं पिष्ट तुमच्या शरीराला जास्त होतंय असं समजा आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. भात निम्मा केला, वर चालायलाही गेलात आणि नाश्ताही बदललात, तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळणार नाही. तेच जेवण दोन-तीनदा मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. तेच ताट, तीच वेळ, तरी वीस-पंचवीसचा फरक सहज पडतो.

हे चित्र एकदा हाती आलं आणि फक्त मेटफॉर्मिनसारखी गोळी चालू असेल, तर तपासण्या खुशाल कमी करा. ज्या आकड्यावरून तुम्ही काहीच बदलणार नाही, त्यासाठी बोट टोचण्यात अर्थ नाही. इन्शुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांवर असणाऱ्यांना मात्र ही सूट नाही. त्यांची साखर एकदम उतरू शकते. गाडी चालवण्याआधी, व्यायामाआधी आणि जेवण लांबलं तर त्यांनी मोजलंच पाहिजे.

प्रश्न : एकाच मिनिटात दोन बोटांवर १६८ आणि १८७ आले. लॅबचा त्याच वेळचा आकडा १७२. विश्वास कशावर ठेवायचा?

तिन्हींवर. घरच्या यंत्रांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक २०१३ पासून आहे, त्यानुसार १०० किंवा त्याहून वरच्या साखरेसाठी ९५ टक्के वेळा आकडा लॅबच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असला तरी चालतो. १०० च्या खाली ही मुभा १५ मिलिग्रॅमची आहे. लॅबला १७२ असेल तर १४६ ते १९८ मधलं काहीही यंत्राने दाखवलं तरी ते नीट चाललंय. म्हणून १६८ चे १७५ झाले म्हणून खचायचं नाही आणि १६० झाले म्हणून हुरळून जायचं नाही.

या मुभेबाहेरच्या चुका बहुतेक हातांच्या असतात. फळ सोलून किंवा कापून तसंच बोट टोचलं, तर कातडीवरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा कितीही फुगू शकतो. हात साबणाने, शक्यतो कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. पाणी नसेल तर पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा घ्या. स्पिरिट वापरलंत तर ते उडून जाईपर्यंत थांबा.

टोचायचं बोटाच्या टोकाच्या बाजूला, मधल्या गादीवर नाही. गादीवर नसांची टोकं दाट असतात म्हणून तिथे दुखतं. सुईची खोली सगळ्यांत कमी आकड्यापासून सुरू करून थेंब येईपर्यंत वाढवा. थेंब येत नसेल तर हात खाली सोडा, तळव्याकडून बोटाकडे हलकेच चोळा. बोट पिळलं की रक्तासोबत पेशींमधलं पाणी येतं आणि आकडा बिघडतो. सुई दर वेळी नवी. बोथट सुई जास्त दुखवते. दुसऱ्याची सुई तर सोडाच, सुई बसवायचं पेनही वापरायचं नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात साठवा, मोकळ्या कचऱ्यात टाकू नका.

पट्ट्यांचा शत्रू म्हणजे दमट हवा. त्या मूळ डबीतच ठेवा, पट्टी काढली की लगेच झाकण लावा. फ्रिजमध्ये, न्हाणीघरात किंवा उन्हात तापणाऱ्या गाडीत डबी नको. मुदत संपलेली पट्टी कधी जास्त, कधी कमी दाखवते, त्यामुळे 'पाच-दहा वजा करून' तिचा आकडा वापरता येत नाही. शंका आली की कंट्रोल सोल्युशन वापरा. ते ठरलेल्या साखरेचं द्रावण असतं. त्याचा थेंब पट्टीवर लावला की आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत यायला हवा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा, कारण बहुतेक द्रावणं उघडल्यापासून तीनच महिने चालतात.

लॅबशी तुलना करायची तर उपाशीपोटीच करा. जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर मुळातच जास्त असते, तिथे यंत्राचा दोष नसतो. आणखी एक : हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर बरीच यंत्रं साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही काही यंत्रांना फसवतात.

प्रश्न : साखर आणि भात पूर्ण सोडला. नाश्त्याला ओट्सची वाटीभर लापशी, त्यात चमचाभर मध, एक केळं, ग्लासभर संत्र्याचा ताजा रस. तरी दोन तासांनी २३०! चुकतंय कुठे?

तुम्ही मनापासून पथ्य करताय हे पत्रातून दिसतं, म्हणूनच हा हिशेब करून दाखवतो. कोरडे ओट्स ६० ग्रॅम धरले तर पिष्ट व साखर मिळून ४० ग्रॅम. मध्यम केळं २७ ग्रॅम. २०० मिलिलिटर रस सुमारे २० ग्रॅम. मोठा चमचा मध १७ ग्रॅम. एकूण १०४ ग्रॅम कार्बोहायड्रेट. हे शिजलेल्या भाताच्या जवळपास पावणेचारशे ग्रॅमइतकं झालं. सोडलेला भात वेगळ्या रूपात परत ताटात आला.

मध, गूळ, साखर हा भेद आपल्या मनातला. आतड्याच्या दृष्टीने मधातही मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच आहे. रस काढताना फळाचा बहुतेक चोथा जातो, ग्लासात दोन-तीन फळांची साखर उरते आणि ती चावायचे कष्टही नसल्यामुळे मिनिटभरात पोटात जाते. रस फक्त साखर उतरल्यावरच्या औषधासाठी ठेवा.

त्याच नाश्त्याची मांडणी अशी करून बघा : कोरडे ओट्स ३० ग्रॅम, बिनसाखरेचं दही १५० ग्रॅम, मूठभर बदाम किंवा शेंगदाणे, अर्धं सफरचंद. कार्बोहायड्रेट ४० ग्रॅमच्या आसपास. प्रथिनं आणि स्निग्धांशामुळे पोट हळू रिकामं होतं, म्हणून चढही सावकाश येतो. तेच दोन तास मोजा आणि जुन्या आकड्याशेजारी लिहा.

इतर जेवणांसाठी साधारण २३ सेंटिमीटरची ताटली घ्या. निम्मी पिष्ट नसलेल्या भाज्यांनी भरा. बटाटा, रताळं, मका हे त्यात धरायचे नाहीत, ते धान्याच्या बाजूचे. पाव भाग डाळी-कडधान्य, अंडी, मासे, पनीर यांपैकी काही, उरलेला पाव भाग धान्य. कडधान्यांतही पिष्ट असतंच, १०० ग्रॅम शिजलेल्या कडधान्यात साधारण २० ग्रॅम. पण तंतू भरपूर असल्याने चढ मवाळ असतो. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये २८, उकडलेल्या बटाट्याच्या १०० ग्रॅममध्ये २०, पावाच्या एका स्लाइसमध्ये १५ ग्रॅम, एवढे आकडे पाठ असले की पुष्कळ काम भागतं. पहिले दोन आठवडे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. नंतर डोळ्यांना अंदाज येतो. आधी भाजी आणि प्रथिनं, शेवटी भात, एवढा क्रम बदलल्यानेही पुष्कळांचा चढ कमी होतो. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालण्याचाही तसाच उपयोग होतो.

'शुगर फ्री' बिस्किटांबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. पाकिटावर 'साखर' या ओळीऐवजी 'एकूण कार्बोहायड्रेट' ही ओळ वाचा. मैद्याचं पिष्ट तिथे दिसतं.

ताटात एकदम मोठी कपात करण्याआधी एक काळजी घ्या. इन्शुलिन किंवा वर सांगितलेल्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगून डोस ठरवून घ्या. जेवण निम्मं आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाते.

प्रश्न : रात्री झोपताना ११०, सकाळी काही न खाता १४८. रात्रीतून साखर आली कुठून?

यकृतातून. पहाटे शरीर उठण्याच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ज्यांचं इन्शुलिन पुरेसं काम करतं त्यांच्यात ती लगेच आवरली जाते, मधुमेहात नाही. दोन-तीन रात्री झोपताना, तीन वाजता आणि उठल्यावर मोजून बघा. तीनला साखर ७० च्या खाली दिसली तर औषधाचा डोस जास्त होतोय, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तीनपर्यंत सपाट आणि नंतर चढ असेल, तर रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करून, जेवणानंतर चालून बघा. तरी हटलं नाही तर गोळीची वेळ किंवा डोस बदलणं डॉक्टरांच्या हातात आहे. रात्री उपाशी झोपून हे सुटत नाही.

प्रश्न : गोळ्या सुरू झाल्यापासून मधेच घाम, थरथर, धडधड होते. घाबरून गोड खाते. मोजलं तर ९६.

बरेच महिने २५० वर राहिलेल्या शरीराला ९६ हीच घसरण वाटते. ही लक्षणं खरी असतात, पण धोका नसतो. दोन-चार आठवड्यांत शरीर नव्या पातळीला सरावतं. म्हणून आधी मोजा, मग खा. मोजायला यंत्र जवळ नसेल तर मात्र साखर कमीच आहे असं धरून चाला.

आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर घ्या : पाण्यात विरघळवलेली साखर सपाट चार छोटे चमचे, किंवा १५० मिलिलिटर फळांचा रस, किंवा ४ ग्रॅमच्या ग्लुकोजच्या तीन-चार गोळ्या. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा पोहोचते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. वर आल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर थोडं काही खाऊन घ्या. अकार्बोज ही गोळी चालू असणाऱ्यांना नेहमीची साखर वेळेवर उपयोगी पडत नाही, त्यांनी शुद्ध ग्लुकोजच जवळ ठेवावं. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीची मदत बोलवा. हे घरातल्यांना आजच सांगून ठेवा.

प्रश्न : साखर खाली आली आणि लांबचं धूसर दिसू लागलं. चष्मा बदलू?

थोडं थांबा. साखर बदलली की डोळ्याच्या भिंगातलं पाणी बदलतं आणि नंबरही. साखर स्थिर झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी नंबर काढा, नाहीतर नवा चष्मा महिन्यात निरुपयोगी होतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी मात्र थांबवायची नाही. टाइप २ मध्ये ती निदान होताच करायची असते, सोबत लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल आणि पायांची संवेदना. एकदम नजर गेली, काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : सहा महिन्यांत वजन ११ किलो उतरलं, एचबीए१सी ६.१. गोळ्या सोडू का?

स्वतःहून नको, पण हा प्रश्न डॉक्टरांपुढे जरूर ठेवा. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत निदानाला सहा वर्षांहून कमी झालेले आणि इन्शुलिन न घेणारे रुग्ण होते. कमी उष्मांकाच्या आहाराच्या गटातल्या ४६ टक्के जणांची साखर वर्षभरानंतर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण बरंच वर होतं. औषधं थांबवल्यावर किमान तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिली तर त्याला रेमिशन म्हणतात. वजन परत चढलं की साखरही चढते.

एक खात्री आधी करून घ्या. ६.१ खरंच ६.१ आहे ना? अलीकडे रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा लाल पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, तर हा आकडा फसवा कमी येतो. उलट लोहाच्या कमतरतेत तो फसवा जास्त येतो. तुमच्या वहीतल्या जेवणानंतरच्या जोड्या १८० च्या आत असतील तर दोन्ही आकडे जुळतायत. ती वही भेटीला घेऊन जा. गोळ्या थांबल्या तर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा आणि पुढे किमान वर्षातून एकदा. डोळ्यांची आणि मूत्रपिंडाची वार्षिक तपासणी गोळ्या असोत वा नसोत, चालूच ठेवायची.