स्पिट्झ ऐकायला घेतोयस? आधी 'रॉबिन्सन' लाव

तयार प्लेलिस्टच्या नादी लागू नकोस. स्पिट्झ या जपानी रॉक बँडचं १९९५चं 'रॉबिन्सन' हे गाणं घे आणि हेडफोन लावूनच ऐक. पहिल्यांदा सगळं लक्ष मासामुने कुसानोच्या आवाजाकडे जाईल, जाऊ दे. दुसऱ्यांदा तेत्सुया मिवाची गिटार धर, सुरुवातीला तो एकेक तार सुटी छेडतो. तिसऱ्यांदा फक्त अकिहिरो तामुराचा बेस. वर गाणं निवांत चाललेलं असतं आणि खाली हा पठ्ठ्या सारखा पळत असतो! ही गाणी शिळी होत नाहीत ती माझ्या मते यामुळेच. (शीर्षकाचा आणि गाण्याचा संबंध शोधत बसू नकोस. ते बँकॉकमधल्या एका डिपार्टमेंट स्टोअरवरून आलंय.)

मग 'चेरी', 'काएदे'. 'सोरा मो तोबेरु हाझु' १९९४ला आलं, पण खरं गाजलं १९९६मध्ये, एका टीव्ही मालिकेमुळे. तेव्हा एखादं गाणं पहिल्या फटक्यात नाही भिडलं तर खुशाल बाजूला ठेव, महिन्याभराने परत लाव.

१९८७पासून तेच चौघं वाजवताहेत, त्यामुळे जुनं-नवं कुठूनही उचललंस तरी चालेल. शब्द कळत नाहीत म्हणून अडू नकोस. 'हाचिमित्सु' अल्बम मात्र सलग, क्रमाने ऐक. शफल बंद.